परीक्षेत भरघोस गुण, तरी महिनाअखेरीस उसनवारी

तुमचा प्रश्न असा आहे. महाविद्यालयात तुम्ही दोन श्रेयांकांचा आर्थिक साक्षरतेचा विषय शिकवता. चक्रवाढ व्याज, महागाई, विमा या सगळ्यावर मुलं उत्तरं बरोबर लिहितात. पण ५० पैकी ४६ गुण मिळवणारा एक मुलगा तीन कर्ज-ॲपच्या हप्त्यांत अडकल्याचं तुम्हाला त्याच्या मित्राकडून कळलं. मग हा ज्ञानाचा नसून स्वभावाचा प्रश्न आहे का, आणि तसं असेल तर सुरुवातीलाच व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन मुलांचे गट पाडावेत का, असं तुम्ही विचारलंय.

स्वभावाचा वाटा नक्की आहे. गट मात्र पाडू नका. मी चोवीस वर्षं वाणिज्य शिकवलं आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं दर शनिवारी वसतिगृहातल्या मुलामुलींच्या पैशाच्या अडचणी ऐकत बसलो. खाली लिहितोय त्यातलं काही अभ्यासांतून आलंय, बरंचसं त्या शनिवारांतून.

आधी 'आर्थिक साक्षरता' या शब्दाकडे बघा. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातले २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. तिथे साक्षरता म्हणजे ज्ञान, वृत्ती आणि वर्तन असं तिन्ही मिळून धरलं होतं. तुमची परीक्षा त्यातलं फक्त ज्ञान तपासते. वृत्ती आणि वर्तनात स्वभाव आधीच मिसळलेला असतो. त्यामुळे 'स्वभावाचा साक्षरतेशी संबंध सापडला' असं कुणी सांगितलं, तर मोजलं काय होतं हे आधी विचारावं. वर्तन मोजून स्वभावाशी जोडलं तर नातं सापडणारच. नुसत्या ज्ञानाशी जोडलं तर ते बरंच पातळ होतं. तिथे गणिताची जाण, घरात पैशाविषयी होणारं बोलणं आणि शाखा, म्हणजे मुलगा वाणिज्यचा की कलेचा, यांचं वजन जास्त पडतं.

पण ज्ञानाच्या परीक्षेतही स्वभाव शिरतो, आणि हे आपल्या शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. जगभर सर्वात जास्त वापरले जाणारे तीन प्रश्न ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञांनी तयार केले आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांना पहिल्यांदा विचारले. रुपयांत सांगायचं तर ते असे आहेत. १०० रुपये २ टक्के व्याजाने ठेवले तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील, बरोबर १०२ होतील की कमी? बचतीवर १ टक्का व्याज आणि महागाई २ टक्के असेल, तर वर्षभराने त्या पैशांत आजच्यापेक्षा जास्त येईल, तितकंच की कमी? एकाच कंपनीचा शेअर घेणं म्युच्युअल फंडापेक्षा सुरक्षित, हे खरं की खोटं? प्रत्येक प्रश्नाखाली 'माहीत नाही' हाही पर्याय असतो.

जवळजवळ सगळ्या देशांत स्त्रिया 'माहीत नाही' वर पुरुषांपेक्षा जास्त खूण करतात. लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये लोकांना तेच प्रश्न दोनदा विचारले, एकदा 'माहीत नाही' ठेवून आणि एकदा तो पर्याय काढून. पर्याय काढल्यावर अनेक स्त्रियांनी बरोबर उत्तर दिलं. स्त्री-पुरुषांच्या गुणांतल्या फरकापैकी साधारण एक तृतीयांश फरक ज्ञानाचा नसून आत्मविश्वासाचा निघाला.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली शेवटची दोन बाकं आठवली. तिथल्या मुली उत्तर वहीत लिहायच्या आणि विचारलं की "सर, नक्की नाही माहीत" म्हणायच्या. पहिल्या बाकावरचा मुलगा चुकीचं उत्तर खणखणीत आवाजात द्यायचा. कित्येक वर्षं मी त्या मुलाला हुशार समजत होतो. त्या मुलींना मी एवढंसं उत्तेजन दिलं असतं तर किती फरक पडला असता, याची मला आजही चुटपुट लागते. म्हणून एक सोपी गोष्ट करा. प्रत्येक उत्तरापुढे 'किती खात्री आहे?' असा एक रकाना ठेवा, शून्य ते दहा. बरोबर उत्तर आणि कमी खात्री हा एक विद्यार्थी, चुकीचं उत्तर आणि पुरी खात्री हा दुसरा. पैशाच्या बाबतीत हा दुसरा जास्त धोक्यात असतो.

आता खिशातल्या स्वभावाकडे येऊ. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्व पाच परिमाणांनी मोजायची पद्धत रूढ आहे: काटेकोरपणा, भावनिक अस्थिरता, सौहार्द, बहिर्मुखता आणि नव्याची ओढ. यातल्या काटेकोरपणाबद्दल अभ्यासांचा सूर बऱ्यापैकी एकच आहे. वेळेवर काम करणारा, वह्या नीट ठेवणारा विद्यार्थी हप्ताही वेळेवर भरतो आणि थोडं बाजूला ठेवतो. नव्याची ओढ असलेले वाचतात, त्यांना माहिती जास्त असते, पण म्हणून त्यांचा पैसा टिकतोच असं नाही. या दोन्हींवर मी वेळ घालवत नाही, कारण या मुलांना आपली फारशी गरज नसते.

गरज असते ती भिडस्त मुलांना. सौहार्द हा पुस्तकी शब्द झाला. आपण भिडस्त म्हणतो, आणि 'भीड भिकेची बहीण' ही म्हण ऐकतच आपण मोठे झालो. सँड्रा मॅट्झ आणि जो ग्लॅडस्टन या संशोधकांनी लक्षावधी लोकांची माहिती तपासून हेच दाखवलं: सौम्य, दुसऱ्याला सांभाळून घेणाऱ्या लोकांकडे बचत कमी आणि कर्जाच्या अडचणी जास्त. त्यांनी कारण शोधलं तेव्हा घासाघीस न जमणं हे कारण निघालं नाही. या माणसांना पैसा मुळात कमी महत्त्वाचा वाटतो, म्हणून ते त्याच्याकडे कमी लक्ष देतात. आणि ज्यांचं उत्पन्न कमी, त्यांना या गुणाची झळ जास्त बसते. श्रीमंताघरचा भिडस्त मुलगा निभावून जातो, गरिबाघरचा बुडतो.

माझ्या शनिवारच्या खोलीत हे वारंवार दिसलं. एका मुलाने रूममेटच्या मोबाइलचा हप्ता स्वतःच्या नावावर घेतला होता, कारण रूममेटला कर्ज मंजूर होत नव्हतं. रूममेट कोर्स सोडून गेला. हप्ते थकले ते या मुलाच्या नावावर, आणि पुढे शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेला तेव्हा क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, ते दिसलं. व्याज म्हणजे काय हे त्याला उत्तम माहीत होतं. नाही कसं म्हणायचं, ते माहीत नव्हतं.

सध्या यातला सर्वात वाईट प्रकार खातं भाड्याने देण्याचा आहे. ओळखीचा कुणीतरी सांगतो, "तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, काढून दे, दोन-तीन हजार तुला." ते पैसे सायबर फसवणुकीतले असतात. खातं गोठतं, पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते, आणि ज्याने विनंती केली तो गायब असतो. ही मुलं लोभी असतात असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेकांनी पैशासाठी नाही, तर मित्राचं मन मोडायचं नाही म्हणून पासबुक आणि एटीएम कार्ड दिलेलं असतं. हे वर्गात स्पष्ट सांगा, आणि नुसतं सांगून थांबू नका. दोघांना उभं करा, एकाला मागायला लावा, दुसऱ्याला नकार द्यायला. "घरी विचारल्याशिवाय माझं खातं मी कुणाला देत नाही" हे एक वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हटलेलं असलं की वेळ आल्यावर तोंडातून निघतं. भिडस्त माणसाला नियमाचा आधार मिळाला की नकार देणं जमतं, कारण मग नकार तो देत नाही, नियम देतो.

दुसरी काळजीची मुलं म्हणजे घोर लावून घेणारी. पुस्तकी भाषेत भावनिक अस्थिरता. वरवर वाटतं की चिंता करणारा माणूस पैशाला जपत असेल. प्रत्यक्षात तो पैशाकडे बघायचंच टाळतो. बँकेचा मेसेज उघडत नाही, शैक्षणिक कर्जाचं पत्र तसंच गादीखाली ठेवतो. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत हे फार महाग पडतं. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं साधारण एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून मुलांना वाटतं व्याजही नसतं. ते असतं. ६ लाख रुपये पूर्ण उचलले आणि दर १० टक्के असेल, तर सरळव्याजानेही वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० रुपये साचत जातात. शिकत असताना त्यातले हजार रुपये जरी महिन्याला भरले तरी पुढचा बोजा हलका होतो. अशा मुलाला घाबरवून चालत नाही, तो आणखी मिटून जातो. त्याच्या शेजारी बसायचं आणि पत्र त्याच्याबरोबर उघडायचं. मी कित्येकदा एवढंच केलं. आकडा डोळ्यांसमोर आला की तो मनातल्या भीतीपेक्षा जवळजवळ नेहमीच लहान निघतो.

तुमचा तो ४६ गुणांचा मुलगा बहुधा याच दोन प्रकारांतला असेल, किंवा तिसऱ्यातला: माणसांत रमणारा, हातचं न राखणारा, सगळ्यांचा चहा स्वतः देणारा. तो कुठला हे ठरवण्याआधी त्याच्यासोबत एक हिशेब कागदावर मांडा. समजा ॲपने ५,००० रुपयांचं कर्ज दिलं, ८०० रुपये 'प्रक्रिया शुल्क' आधीच कापलं, हातात आले ४,२००, आणि चौदा दिवसांनी ५,००० परत करायचे. ४,२०० वर ८०० म्हणजे चौदा दिवसांचे १९ टक्के. वर्षात असे २६ पंधरवडे. सरळ हिशेबाने दर ५०० टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून डिजिटल कर्ज देणाऱ्यांना एकूण वार्षिक दर आधी दाखवणं बंधनकारक केलंय, आणि दंडाशिवाय कर्ज परत करायला सुरुवातीची मुदतही द्यावी लागते. जे ॲप हा दर दाखवत नाही, त्याच्या मागे कुठली नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था आहे हे शोधायला लावा. सापडली नाही, किंवा फोनमधले संपर्क आणि फोटो मागून धमक्या सुरू असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची आणि घरी सांगायचं, दोन्ही त्याच दिवशी.

ज्ञान वाढलं की सगळं सुरळीत होतं हा समज मोडायला शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावल्यासारख्या सौद्यांचं, उदाहरण पुरेसं आहे. हॉस्टेलमध्ये हे खेळणारी मुलं आर्थिक शब्दांत इतरांपेक्षा कितीतरी पुढे असतात. कॉल, पुट, प्रीमियम, एक्स्पायरी, सगळं तोंडपाठ. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. आणि तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. इथे ज्ञानाने खात्री वाढवली आणि खात्रीने हात सैल केला. अशा मुलाला अजून एक धडा शिकवू नका. त्याच्या मागच्या सहा महिन्यांच्या सगळ्या व्यवहारांचा, दलाली आणि करासकट, निव्वळ आकडा त्याच्याच हाताने काढायला लावा. जिंकलेले दिवस त्याच्या लक्षात असतात, हरलेले नसतात. त्या आकड्यासमोर त्याला काही समजवावं लागत नाही.

आता एका गोष्टीबद्दल मी जरा कळकळीने सांगतो, कारण इथे आपण शिक्षक मुलांवर अन्याय करतो. परिस्थितीला स्वभाव समजू नका. लहान मुलासमोर एक गोड खाऊ ठेवून 'थांबलास तर दोन मिळतील' असं सांगण्याचा वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. जे थांबले ते पुढे यशस्वी झाले, म्हणजे संयम हाच सारा खेळ, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांवर तो पुन्हा तपासला. संबंध मूळच्या साधारण निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा विरला. ज्या घरात उद्या मिळेलच याची खात्री नसते, तिथलं मूल आज मिळतंय ते घेतं. त्यात शहाणपण असतं.

आपल्याकडे हे रोज दिसतं. परभणीकडून पुण्यात आलेल्या मुलाचे वडील सोयाबीन विकल्यावर एकदम पैसे पाठवतात. कोल्हापूरकडच्या मुलीचं घर उसाच्या बिलावर चालतं. शिष्यवृत्ती कधी येईल याचा नेम नसतो. अशा मुलाला आपण 'मासिक अंदाजपत्रक' नावाचा तक्ता भरायला देतो आणि तो भरला नाही की बेशिस्त म्हणतो. त्याच्या घरात पैसा महिन्याने येतच नाही, हंगामाने येतो. त्याला तक्ता हंगामाचा द्या: दिवाळीला आलेल्या रकमेतून मेस आणि खोलीभाडं मार्चपर्यंतचं त्याच दिवशी वेगळं काढायचं, उरलेल्याला आठवड्यांनी भागायचं. अशा कित्येक 'बेशिस्त' मुलांनी हा तक्ता काटेकोरपणे पाळलेला मी पाहिलाय.

मग शिकवून उपयोग होतो का? २०१४ मध्ये डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमायर यांनी जुने अभ्यास एकत्र करून सांगितलं की माणसामाणसांच्या पैशाच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का अशा शिकवणीने उलगडतो. पुढे टिम कायझर, लुसार्डी आणि इतरांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले ७६ प्रयोग तपासले, तेव्हा चित्र बरंच आशादायक निघालं. माझा स्वतःचा कौल असा की शिकवणं उपयोगी आहे, पण निर्णयाच्या जवळ केलेलं. म्युच्युअल फंड पहिल्या सत्रात शिकवून तिसऱ्या वर्षापर्यंत विसरायला होतं. कर्जाचा अर्ज भरायच्या आठवड्यात कर्ज शिकवा. पहिला पगार यायच्या आधी पगारपत्रक शिकवा.

आणि शिकवण्याइतकीच व्यवस्था लावा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना आज बचत करायला सांगितलंच नाही. पुढच्या पगारवाढीतला थोडा भाग आपोआप वळवायला आजच संमती घेतली. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. माणसं तीच होती, स्वभावही तेच.

आपल्या महाविद्यालयांत यासाठी 'कमवा आणि शिका' योजना हाताशी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली श्रमातून शिकण्याची ही परंपरा आज अनेक महाविद्यालयांत चालते. या मुलांच्या हातात स्वतःच्या घामाचे पैसे येतात, त्यामुळे त्यांचं लक्षही असतं. पहिलं मानधन यायच्या आधीच पोस्टात आवर्ती ठेव उघडून द्या, महिना १०० रुपयांपासून चालते. काटेकोर मुलगा ती तुमच्याशिवायही उघडेल. इतरांसाठी तुम्ही फॉर्म घेऊन जा.

माणसांत रमणाऱ्यांना एकट्याने बचत जमत नाही, त्यांना भिशी जमते. आमच्याकडच्या दहा मुलींची महिना ५०० ची भिशी तीन वर्षं एकही हप्ता न चुकता चालली, आणि त्यातल्या सहाजणी तरी एरवी महिन्याच्या वीस तारखेला रिकाम्या व्हायच्या. मैत्रिणींसमोर चुकायला नको, ही एकच गोष्ट पुरली. अट एवढीच की सगळ्या एकमेकींना ओळखणाऱ्या असाव्यात, रक्कम लहान असावी आणि वही सगळ्यांनी बघावी, कारण अशा भिशीत कुणी बुडवलं तर दाद मागायला जागा नसते.

व्यक्तिमत्त्व चाचणी का नको, तेही सांगतो. एक तर हे सगळे संबंध सरासरीचे आहेत, समोरच्या एका मुलाबद्दल त्यांतून फार काही सांगता येत नाही. दुसरं, ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की विशीपासून चाळिशीपर्यंत माणसं सरासरीने अधिक काटेकोर आणि अधिक स्थिर होत जातात. अठराव्या वर्षी चिकटवलेला 'उधळ्या' हा शिक्का पंचविशीत खोटा ठरू शकतो, पण तोवर मुलाने तो खरा मानलेला असतो.

चाचणीऐवजी पहिल्या तासाला प्रत्येकाला स्वतःच्या फोनवरून मागच्या तीस दिवसांचे यूपीआय व्यवहार वहीत उतरवायला सांगा. नावं नकोत, फक्त रक्कम, वेळ आणि एक शब्द: जेवण, प्रवास, मित्र, ऑर्डर, रिचार्ज. वही तुम्ही बघायची नाही, हे आधीच सांगा आणि पाळा. मग त्यांना तीन खुणा करायला लावा: रात्री अकरानंतरचे खर्च, कुणी मागितले म्हणून दिलेले पैसे, आणि कशासाठी दिले ते आठवतच नाही असे. ज्याच्या पानावर दुसरी खूण जास्त, त्याला नकाराचा सराव. पहिली जास्त असेल तर खात्यात फक्त आठवड्याचे पैसे ठेवायचे, बाकी दुसऱ्या खात्यात, ज्याचं यूपीआय फोनवर जोडलेलंच नाही. तिसरी जास्त असेल त्याने पुढचे पंधरा दिवस खर्च त्याच वहीत लिहायचा, आणि सोळाव्या दिवशी ती वही घेऊन, वाटलं तरच, तुमच्याकडे यायचं. तुमचा तो मुलगा येईल असं मला वाटतं. त्या दिवशी व्याख्यान देऊ नका, त्याचे तीन कर्जांचे मेसेज उघडा आणि सर्वात जास्त दराचं कर्ज कुठलं ते दोघं मिळून शोधा. ते आधी फेडायचं.